चालतंय की!

टीव्हीवरचा हीरो रडला की मी खलास! उगाच खोटं कशाला बोलू? दहा गुंडांना लोळवणारा हीरो मला आवडतोच, पण जीव जडतो तो एकटाच कोपऱ्यात उभं राहून डोळे पुसणाऱ्यावर. आमच्या ऑफिसात माझ्यासारख्या पाचजणी आहेत. लंचला डबे उघडले की विषय एकच. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधला कॅप्टन री सीमेवर निरोप घेतो, तो सीन आम्ही किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. 'कसला रडतो गं तो!' ही आमच्याकडे सर्वांत मोठी कॉम्प्लिमेंट आहे.

हे खूळ काही कोरियातून आलेलं नाही. शरदबाबूंचा देवदास १९१७ साली पुस्तकातून आला आणि मग पडद्यावर पुन्हा पुन्हा येऊन झुरत राहिला. २००० साली सुरू झालेल्या 'क्यूंकी सास भी कभी बहू थी'मध्ये मिहिरला मारलं, तर प्रेक्षकांनी असा गहजब केला की त्याला परत आणावं लागलं. आणि 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांसाठी तर १९७० पासून भले भले पुरुषसुद्धा रुमाल काढत आलेत. नाट्यगृहात अंधार असतो ना!

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. मी राजूरची. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याला जाताना तुम्ही पेढे घ्यायला गाडी थांबवता ना, ते. २०१६ च्या ऑक्टोबरात 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली आणि आमच्या घरात संध्याकाळी साडेसातला संचारबंदी लागली. कोल्हापूरचा राणादा! पैलवान गडी, शेतकरी, शिक्षण कमी, आणि जीव जडला कुणावर, तर शाळेतल्या पाठकबाईंवर. एवढा धिप्पाड माणूस, पण बाईंसमोर शब्द फुटेना. काहीही झालं तरी म्हणणार, 'चालतंय की!' आज्जी पदर डोळ्यांना लावायची. 'लेकरू किती सोसतंय गं माझं!' आई तिच्या शेजारी, आणि सुट्टीला पुण्याहून आलेली मी त्यांच्या पायाशी. तिघींची नाकं लाल.

त्याच घरात आणखी एक शेतकरी गडी होता. माझा दादा. तीन एकर भात आणि भंडारदरा रोडला मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान. २०१७ मध्ये त्याचा साखरपुडा झाला. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, फोनवर तासन्‌तास बोलणं चालायचं. लग्नाला महिना उरलेला असताना त्यांच्याकडून निरोप आला, नको म्हणून. पुण्याचं, नोकरीवालं स्थळ आलं होतं. चार दिवस दादानं दुकान उघडलं नाही. धड जेवेना, धड बोलेना. आई म्हणाली, 'पुरुषासारखा पुरुष तू, बायकांसारखं तोंड पाडून काय बसलास? दुसरी बघू.' आज्जी म्हणाली, 'दृष्ट लागली,' आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

आणि मी? मी शनिवारी घरी पोचले आणि साडेसातला त्याला हाक मारली, 'दादा, ये ना, राणाचा आज जाम सेंटी सीन आहे!' तो आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. थोडा वेळ टीव्हीकडे, थोडा वेळ आमच्याकडे बघितलं आणि गोठ्याकडे निघून गेला. जाहिराती लागल्या तेव्हा मी म्हटलं, 'याला कशातच इंटरेस्ट नाही!'

पुढे तीन-चार ठिकाणी बोलणी झाली. सगळीकडे मुलाला नाही, शेतीला नकार. मालिका २०२१ साली संपली. दादाचं काही जमलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला. नवरदेवाचा पोशाख, मुंडावळ्या, घोडा, बँड, सगळं साग्रसंगीत. मुलींची संख्या घटली आहे, गर्भलिंग निदानबंदीचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. मागणी कोण वाचतो? मला फोटो भारी वाटले. मी ते फॅमिली ग्रुपवर टाकले आणि खाली तीन हसरे चेहरे. दोन तासांनी दादाचा रिप्लाय आला.

'चालतंय की.'

ऑफिसच्या बसमध्ये होते. एसी चालू होता, तरी घाम फुटला.

त्या रात्री मी माझाच बायोडेटा उघडला. 'अपेक्षा : पुण्यात स्वतःचा फ्लॅट, आयटीत नोकरी, गावाकडे शेती.' शेती हवी, शेतकरी नको! राणासाठी किलोभर टिश्यू पेपर संपवणाऱ्या मुलीनं हे स्वतः टाइप केलं होतं. गैरसमज नको, कुणाची दया येऊन लग्न करावं असं मी म्हणत नाही. नाही म्हणायचा हक्क तिलाही होता, मलाही आहे. पण हसायचा नव्हता.

टीव्हीवरच्या पुरुषाचं दुःख सोयीचं असतं. मागे व्हायोलिन वाजतं, क्लोजअपमध्ये सगळं कळतं, आणि तो झुरतो ते आपल्यासारख्याच एखादीसाठी, म्हणून आपण आतून सुखावतोही. बदल्यात तो काही मागत नाही. घरातला पुरुष झुरतो तेव्हा दुकानाचं शटर बंद राहतं, ताट सरकवलं जातं, कधी उगाच आवाज चढतो. व्हायोलिन नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही.

जानेवारीत गावी गेले. दुकानात त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि सरळ विचारलं, 'दादा, तेव्हा फार त्रास झाला होता का रे?' एका फोनचं पोट उघडून तो बसला होता. स्क्रू फिरवता फिरवता, मान वर न करता म्हणाला, 'त्या दिवशी तू टीव्ही बघायला बोलावलंस, आठवतं? मला वाटलं, तुम्ही तिघी राणासाठी रडताय, त्यात माझंही थोडं रडून होईल. पण तुमचं लक्षच नव्हतं.'

मी काय बोलणार? तेवढ्यात फुटक्या स्क्रीनचा फोन घेऊन एक पोरगा आला आणि दादा भावाची घासाघीस करू लागला. मी दोन चहा सांगितले आणि दुकान बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

कोरियन हीरोंसाठी मी अजूनही रडते, ते काही सुटायचं नाही. फक्त मध्येच दादाचा फोन आला तर हीरोला तसाच रडता ठेवून पॉज करते. कसं चाललंय विचारलं की दादा म्हणतो, 'चालतंय की.'

पूर्वी मी तिथेच फोन ठेवायचे. आता विचारते, 'खरंच चालतंय का रे?'