चावी कीं किल्ली?

आम्हां शिक्षकमित्रांची बैठक सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं भरते. विषय क्षुल्लक; वाद मात्र मोठा! मागें एकदां मुंबईच्या मित्रानें खोलीची 'चावी' हरवल्याचें सांगतांच आम्ही कोल्हापूरकर गरजलों, "किल्ली म्हणा, किल्ली!" घटकाभर झुंज झाली आणि हंसत हंसत सर्व घरीं परतले.

दुसऱ्या दिवशीं मुंबईहून नव्यानें आलेला एक विद्यार्थी वर्गांत म्हणाला, "सर, कपाटाची चावी आणूं?" सारा वर्ग ओरडला, "किल्ली!" कालची गंमत आठवून आम्हीही हंसलों. मुलाचा चेहरा उतरला. पुढें आठवडाभर तो वर्गांत बोलला नाहीं. मित्रांतील थट्टा बरोबरीची असते. येथें तो एकटा होता, आणि आम्ही शिक्षक असून सर्वांस सामील झालों होतों.

सोमवारीं मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ति टेबलावर ठेवून आम्हीं फळ्यावर शब्द मांडले. चावी पोर्तुगीजांकडून आली. पण 'पगार' आणि 'पाव'ही त्याच गलबतांतून उतरले. कुलूप मूळचें अरबी. तूप आणि अडकित्ता कानडी मुलखांतले. मग आम्हीं त्या मुलास विचारलें, "बाळ, या अरबी कुलपाला चावी लावावी कीं किल्ली?"

तो प्रथमच हंसला. म्हणाला, "उघडलें म्हणजे झालें, सर!"

बालमित्रहो, सोबत्याच्या बोलीची थट्टा खुशाल करा. मात्र तोही हंसतो आहे ना, एवढें आधीं पाहा.