जावा म्हणावं तर येझदी

आयटीतल्या माणसाची पस्तिशी उलटली की त्याला तीनपैकी एक खूळ लागतं. पहाटे उठून पळणं, मुळशीकडे जमीन बघणं, नाहीतर जुनी मोटरसायकल. पहिल्याला गुडघे लागतात, दुसऱ्याला पैसे. मला तिसरं लागलं. गेलं वर्षभर शनिवार-रविवार मी जुन्या जावा बघत हिंडतोय. आतापर्यंत अकरा बघून झाल्या. त्यातल्या खरोखरच्या जावा किती निघाल्या? तीन.

मित्र विचारतात, एवढं काय बघायचं असतं रे? किक मारायची, आवाज ऐकायचा, पैसे द्यायचे. नव्या गाडीचं तसं चालतं, कारण तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत आपणच ठरवायची असते, आणि त्याच्या आधी ती गाडी नक्की कोण आहे हे ठरवायचं असतं. ओळख आधी, भाव नंतर. बरेच लोक हे उलट करतात आणि मग सोमवारी ऑफिसात गप्प बसतात.

थोडा इतिहास, म्हणजे पुढची गंमत कळेल. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक हे मालकाचं आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन्हींच्या सुरुवातीची अक्षरं जोडून १९२९ मध्ये हे नाव तयार झालं. आपल्याकडे फारुख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ च्या सुमारास टाकीवरचं जावा हे नाव जाऊन येझदी आलं, इराणातल्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

नाव बदललं, पण घराणं तेच राहिलं. २४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि गिअर व किक या दोन्हींना मिळून एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली केला की गिअर. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास किक शोधत बसतो. :-)

तर येझदी ही जावाची धाकटी बहीण. आणि धाकट्या बहिणीला थोरलीचे कपडे बसतात, तसे येझदीला जावाचे पुष्कळसे पार्ट बसतात. सगळी गोम तिथेच आहे. जावा दुर्मिळ, येझदी त्यामानाने बऱ्याच. मग येझदीवर जावाची क्रोम टाकी चढवायची, गुडघ्याचे रबर लावायचे, मरून रंग मारायचा, की झाली जावा! २०१८ मध्ये जावा हे नाव एका नव्या फोर-स्ट्रोक गाडीवर परत आलं, तेव्हापासून जुनीबद्दल विचारणारे माझ्यासारखे हौशी वाढलेत, आणि हौशी वाढले की कपडे बदलणारेही वाढतात.

कोथरूडमध्ये मी अशीच एक पाहिली. काय चकचकीत होती! आरशात बघून दाढी करावी असं क्रोम. मालक म्हणाले, "एक पस्तीस. एक रुपया कमी नाही." मी आरसी मागितली. उत्पादनाचं साल १९७९. मी म्हटलं, काका, या साली जावा निघतच नव्हती. तर ते विजयी मुद्रेने म्हणाले, "मग हे काय? कंपनीच्या रकान्यात बघा काय लिहिलंय!" तिथे आयडियल जावा लिहिलेलं होतं.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाकीवर येझदी आलं तरी कंपनीचं नाव शेवटपर्यंत आयडियल जावाच होतं. म्हणजे येझदीच्या कागदावरही 'जावा' हा शब्द सापडतो. तो विकणाऱ्याचा पुरावा नव्हे, साल हा तुमचा पुरावा. (येझदी म्हणून विकलेली येझदी ही झकास गाडी आहे. रोडकिंगवर जीव टाकणारे लोक मला माहीत आहेत. भांडण गाडीशी नाही, नावाशी आहे.)

आता माझी पद्धत सांगतो. आमच्या धंद्यात एखादी फाईल मधे कुणी बदलली का हे तिच्या नावावरून ठरवत नाहीत, आतल्या मजकुरावरून ठरवतात. गाडीचंही तेच.

एक. जे नट-बोल्टने निघतं ते काहीच सिद्ध करत नाही. टाकी, सीट, हेडलाईट, मडगार्ड, इंजिनच्या बाजूचं कव्हर, त्यावरचं नाव, सगळं काढता-घालता येतं. सिद्ध करतात ते दोन नंबर: चासीच्या मानेवरचा आणि इंजिनच्या खोक्यावरचा. दोन्ही आरसीशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. आरटीओत करतात तसं करावं, नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी छापात दिसतात. आकडे एका रेषेत नाहीत, एखाद्याची खोली वेगळी, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासून पातळ केलेला, असं काही दिसलं की हात जोडून निघायचं. चहासुद्धा घ्यायचा नाही.

दोन. रंगाच्या खाली काय आहे? फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारायचा, बाहेर कितीही क्रोम असलं तरी आतला गंज खोटं बोलत नाही.

तीन. इंजिन गारच हवं. पोचल्याबरोबर गप्पांच्या नादात सिलिंडरवर हात ठेवून बघायचा. कोमट लागला तर आपण यायच्या आधी कुणीतरी तिला घाम गाळून उठवलेलं आहे. मग विचारायचं, बोअर किती वेळा झालं? प्रत्येक बोअरला सिलिंडर थोडा मोठा होतो आणि एक मोठा पिस्टन बसतो, पण ही शिडी कधीतरी संपते. सुरू झाल्यावर पाच मिनिटांनीही पांढरा धूर थांबत नसेल तर क्रँकचं ऑइल सील गेलेलं असू शकतं आणि इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पीत असतं. याचा अर्थ, सगळं इंजिन उघडायचं.

चार. कागद. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महागडा भाग. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते झालंय का? पर्यावरण कर भरलाय का? आरसी बुक पुठ्ठ्याचं असेल तर ती नोंद आरटीओच्या कॉम्प्युटरवर चढली आहे का? (डेटा मायग्रेशन हा विषय निघाला की मला ऑफिसची आठवण येते. जुन्या नोंदी तिकडेही हरवतात.) मूळ मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर होणार, आणि मगच २९ आणि ३० भरून तुमच्या.

शिवाय २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची, रोज हिंजवडीला नाही. म्हणजे घ्यायच्या आधीच ठरवायला हवं, आपल्याला वाहन हवंय की वारसा.

एवढं सगळं शिकल्यावर भाव कसा काढायचा? तर आधी पूर्ण तयार, खरी गाडी आपण केवढ्याला घेऊ तो आकडा लिहायचा आणि त्यातून ती तशी व्हायला लागणारा खर्च वजा करायचा. हे गणित मी प्रत्यक्ष केलं ते मिरजेत, आणि ही गोष्ट त्यासाठीच लिहायला घेतली होती.

मिरजेच्या काकू मित्राच्या ओळखीतल्या. काका तीन वर्षांपूर्वी गेले. मागच्या पडवीत गोणपाटाखाली त्यांची गाडी. काकू म्हणाल्या, "भंगारवाला आठ हजार म्हणतोय. तू पंधरा दे बाळा, आणि घेऊन जा. जागा अडलीय नुसती."

गोणपाट काढला. रंग विटलेला, सीट फाटलेलं, टायर चपटे. साल १९६८. दोन्ही नंबर जसेच्या तसे, पेन्सिलच्या छापात एक ओरखडा नाही. चुंबक मडगार्डभर चिकटत गेलं. कुणी कधी सुधारायला हातच लावला नव्हता. काकूंनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली, त्यात आरसी बुक, आणि काकांच्या अक्षरातली पेट्रोल-ऑइलच्या हिशेबाची वही. शेवटचं बोअर कधी झालं तेही तारखेनिशी! अकरा गाड्यांत पहिल्यांदा मला प्रश्न विचारावाच लागला नाही.

मित्राने हळूच कोपर मारलं. म्हणजे, भाव त्यांनीच सांगितलाय, गप्प बस.

खरं सांगतो, पंधरा हजार खिशात तयार होते. पण वर्षभर मी चिडत होतो कशावर? समोरच्याला माहीत आहे आणि मला माहीत नाही, याचा फायदा घेणाऱ्यांवर. आता माहिती माझ्याकडे होती. कोथरूडच्या काकांनी पत्र्यावर रंग मारला होता, मी गप्प बसण्यावर मारला असता. फरक फारसा नव्हता.

वहीच्याच मागच्या पानावर काकूंना हिशेब मांडून दाखवला. तयार असलेल्या दोन खऱ्या जावांचे मला १,६०,००० आणि १,८०,००० सांगितले होते, त्यातला कमी आकडा धरला. त्यातून इंजिन २८,०००, टाकी आणि क्रोम २२,०००, रंग १४,०००, वायरिंग-सीट-टायर २१,०००, कागद आणि वाहतूक १५,०००. झाले एक लाख. ऐनवेळी निघणाऱ्या कामांचे १०,०००. उरले ५०,०००. म्हटलं, काकू, एवढे मी देऊ शकतो. आणि मी नाही घेतली तरी पंधराला कुणाला देऊ नका.

काकू बराच वेळ आकड्यांकडे नाही, वरच्या पानांवरच्या काकांच्या अक्षराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरांना विचारल्याशिवाय आता नाही सांगत बाई." आणि आमच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावला, उद्या येऊ नको म्हणून.

परतताना पेठ नाक्यापर्यंत मित्र माझ्याशी बोलला नाही. असो.

त्याला आता चार महिने झाले. तशीही मुलांची संमती फॉर्म ३१ साठी लागणारच होती. गाडी काकूंच्या नावावर झाली, आणि मुलगा बंगळुरूहून आला तेव्हा त्याने टायरमध्ये हवा भरून ती पडवीतून अंगणात आणली, असं कळलं. विकायचं की नाही ते दिवाळीत ठरणार आहे. माझा आकडा त्यांच्याकडे लिहिलेला आहे, आणि तो बदलणार नाही.

तोवर शनिवार मोकळेच आहेत. कुणाच्या पडवीत काही असेल तर कळवा. साल, दोन्ही नंबर आणि गार इंजिन, एवढं मात्र तयार ठेवा.