भाच्याच्या गाडीचे टायर

आमच्या गोव्यात गाडी बघायची एक ठरलेली रीत आहे. आधी रंग, मग दिवे, मग काचेतून डोकावून सीटा. त्यानंतर "एव्हरेज कितलें दिता?" हा प्रश्न. अगदी शेवटी कोणीतरी चपलेसकट पाय टायरवर आपटतो आणि "नवे आसात मरे" असा निकाल देतो. टायरची परीक्षा तिथे संपते. नवी गाडी देवळासमोर आणली की चाकाखाली लिंबू चिरडतो, दसऱ्याला चाकाला गंधफूल मिळतं, आणि मग वर्षभर त्या चाकाची आठवण पंक्चर झालं तरच.

वास्तविक गोंयकाराला टायर परका नाही. उसगावच्या एमआरएफच्या पगारावर फोंडा महालातली कितीतरी घरं उभी राहिली. फेरीबोटीच्या कडेला टायर, बार्जला टायर, परसातल्या आंब्याला झोपाळा म्हणून टायर. लहानपणी काठीने टायर पळवत शाळेपर्यंत गेलेली आमची पिढी. पण गाडीखालचा टायर कसा निवडावा हे मात्र आम्हांला कोणी शिकवलं नाही. शिकायची वेळ आणली ती माझ्या भाच्याने.

भाचा तारवटी. बोटीवर इंजिनीयर. पाच-सहा वर्षं खारा वारा खाऊन साठवलेल्या पैशांतून त्याने २०२५ च्या मे महिन्यात एक सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. दोनच सीटा, पत्र्याचं छप्पर बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जातं, पुढे सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि ३०६ हॉर्सपॉवर. ताकद सगळी मागच्या चाकांना. गाडी २०१२ ची, पण धावलेली अगदी कमी. घरी आणली तेव्हा सगळा वाडा जमला आणि अर्थातच एकाने टायरवर पाय आपटून निकाल दिला. नवे आसात.

दिसायला होतेही नवे. खाचा खोल, कडा शाबूत. मी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूवरचा डीओटीचा आकडा शोधला. त्या लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे होतं २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षं झाली होती. रबर हे दुधासारखं नासत नाही, पण हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात. त्यापासून वाचवायला रबरात जी द्रव्यं घालतात ती टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. गाडी नुसती उभी राहिली तर तेही होत नाही. म्हणून कमी चाललेली जुनी गाडी ही टायरच्या बाबतीत फसवी असते. खाच खोल असते, पण रबर कडक झालेलं असतं. साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की कसेही दिसोत, काढून टाकावेत, असं बऱ्याच कंपन्या सांगतात.

भाच्याला हे पटेना. "मामा, सहा मिलिमीटर खाच आसा!" म्हणून त्याने मोजून दाखवलं. बहीण बाजूला उभी होती. ती मला आत बोलावून म्हणाली, "दादा, तो तुजें आयकता. सांग ताका." मी सांगितलं, पण खरं सांगितलं ते पावसाने.

२०२५ साली पाऊस लवकर आला. २४ मे रोजी केरळात, आणि लगेच आमच्याकडे. पहिल्या पावसाचा रस्ता कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळाभर मुरलेलं तेल, तांबडी धूळ आणि पाणी यांची मिळून एक साय येते. भाचा आईला घेऊन फोंड्याहून पणजीला निघाला होता. भोमच्या चिंचोळ्या भागात पुढचा ट्रक थांबला, याने ब्रेक लावला, ट्रक निघाला, याने जरासा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीचं मागचं अंग सरळ बाजूला गेलं. वेग म्हणावा तर चाळीससुद्धा नसेल. गाडीतल्या यंत्रणेने इंजिनची ताकद कापली, गाडी सावरली, कशाला लागली नाही. बहीण बाणस्तारीचा पूल येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मात्र मला फोन करून म्हणाली, मी आता त्या गाडीत बसणार नाही, आणि तो बसलेलाही मला बघवणार नाही.

तर आता प्रश्न आला, कुठले टायर?

इंटरनेटवर या विषयावर रामायण-महाभारत आहे. त्यातला अर्धा भाग बर्फावर खर्च झालेला. तापमान सात अंशांखाली गेलं की उन्हाळी टायर कडक होतो, सबब ऑल-सीझन घ्यावा, वगैरे. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे अंगावर शाल आली की आम्ही थंडी पडली म्हणतो. तो सगळा भाग सोडून द्यावा. उरलेला भाग शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्यांचा. भाच्याचा जीव तिथेच अडकला होता. त्याला हवे होते सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ खाचा नसलेले, मऊ रबराचे टायर. अमेरिकेतल्या पद्धतीनुसार टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा असतो. जितका कमी तितकं रबर लवकर झिजणारं, आणि बहुधा चिकट. सेमी-स्लिक २०० च्या आसपास किंवा त्याखाली, रस्त्यावरचे चांगले स्पोर्ट टायर ३०० च्या आसपास. हा आकडा कंपनी स्वतःच देते, तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. कोरड्या रस्त्यावर सेमी-स्लिकसारखी पकड नाही हे खरं. पण प्रश्न असा की भाचा गाडी चालवणार कधी?

मी त्याच्यासमोर भिंतीवरचं कालनिर्णय ठेवलं. हा मे महिन्यात येतो, चवथ करतो आणि बोटीवर परत जातो. पुढचे सात-आठ महिने गाडी शेडमध्ये कापडाखाली. म्हणजे गाडी रस्त्यावर येते ती नेमकी गोव्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, सुमारे तीन हजार मिलिमीटर, पडतो त्या महिन्यांत. कोरडा रस्ता या गाडीच्या नशिबात फारसा नाहीच. छप्पर उघडायची हौस एखाद्या उघडीपीच्या संध्याकाळी भागेल तेवढीच. मग टायर कोरड्यासाठी कशाला घ्यायचे?

आणि स्पोर्ट्‌स कारला पावसाचा धोका मारुतीपेक्षा जास्त असतो, हे पुष्कळांना उलटं वाटतं. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असा समज. कोरड्यात तो बऱ्यापैकी बरोबर आहे. या गाडीला पुढे २२५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागे २५५ चे टायर आहेत. समजा रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ८० ने चालली आहे. मागच्या एकेका टायरला दर सेकंदाला सतरा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. भरलेली बादली, दर सेकंदाला, एकेका चाकाने! ते सारता आलं नाही की टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. 'नासा'ने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, नऊने गुणा, की नॉटमध्ये वेग मिळतो. भाच्याला नॉट समजावून सांगावे लागले नाहीत! ३२ पीएसआय हवेला ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. हवा २४ वर उतरली असेल तर ८२. खाचांना पाणी काढून टाकणं जमेनासं झालं की हा हिशेब लागू होतो. झुआरीच्या नव्या पुलाकडे जाताना जुलैच्या सरीत लोक कितीने जातात ते आठवा.

टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे बांध असतात, टायर तिथवर झिजला की संपला. पण पावसात तीनच्या खाली गेलं की पकड झपाट्याने घटते. आमच्याकडे तीन हीच शेवटची पायरी मानावी. सेमी-स्लिक मुळातच कमी खाचेचा येतो, तो एका मोसमात तिथे पोचेल. भाचा बराच वेळ गप्प बसला आणि मग "बरें" म्हणाला.

पुढचा वाद रन-फ्लॅटचा. या गाडीला स्टेपनी नाही, ठेवायला जागाच नाही. कंपनीने त्याऐवजी रन-फ्लॅट दिलेले. त्यांची बाजू इतकी जाड आणि ताठ असते की हवा गेली तरी ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर गाडी घरी येते. सोय मोठी. पण तोच ताठपणा खड्ड्यात नडतो. मुळात या टायरची बाजू जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच. खड्ड्याची कड लागली की धक्का सरळ रिमला, आणि रिमला चीर जाते. रात्री आडरस्त्यावर पंक्चर झालं तर बाई माणूस काय करील, हा बहिणीचा मुद्दाही रास्त होता. पण तिने आपण गाडीत बसणार नाही असं आधीच जाहीर केलेलं असल्यामुळे तो विचारात घेतला गेला नाही. असो. आम्ही साधे टायर ठरवले, आणि डिकीत हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान. साध्या टायरला पंक्चर काढणारा आपल्याला तिठ्यातिठ्यावर भेटतो, हाही हिशेब होताच.

सतरा इंची रिम घालायचा विचारही करून पाहिला. २२५/४५ चा टायर घेतला तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो आणि बाजू एक सेंटिमीटरने वाढते. खड्ड्यांसाठी उत्तम. पण आत ब्रेकला जागा पुरते की नाही हे चाक लावून बघितल्याशिवाय कळत नाही, शिवाय रिमचा खर्च वेगळा. सोडून दिला.

राहिला ब्रँड. मिशलिनचे पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचे पोटेन्झा, कॉन्टिनेन्टल, योकोहामा, २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीची झालेली डच व्रेडेस्टाइन, सगळ्यांचे या जातीचे टायर आहेत आणि माझ्या मते त्यांच्यातल्या फरकापेक्षा ताजा आणि शिळा यांतला फरक मोठा. युरोपातल्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते, ती बघून आम्ही पायलट स्पोर्ट ठरवले. चारही एकाच जातीचे. पुढे एक, मागे दुसरा असली खिचडी मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला मुळीच करू नये.

ठरवणं सोपं, मिळवणं कठीण. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून असली अडनिडी मापं शोधावी लागतात. एका दुकानदाराने दोन दिवसांत टायर आणले. पुढचे ताजे होते. मागच्या दोघांवर आकडा होता ३९२१. साडेतीन वर्षं उलटून गेलेली. "गोदामात सावलीत होते, नवेच समजा," म्हणाला. गोदामातला टायर उन्हातल्यापेक्षा बरा हे मान्य, पण पूर्ण पैसे मोजून आयुष्याची पहिली साडेतीन वर्षं त्याच्या गोदामाला का द्यावीत? चार टायरांना एका बऱ्या स्कूटरएवढे पैसे जाणार होते. भाच्याने टायर परत पाठवले. हे त्याने स्वतः केलं, मी बाजूला उभा होतो. दुसरीकडे ऑर्डर दिली, बारा दिवस लागले. ते बारा दिवस भर पावसात भाचा आईची जुनी वॅगन-आर चालवत होता आणि लाल झेड-फोर शेडमध्ये.

टायर आले ते त्याच वर्षीचे. बसवताना त्याने प्रत्येकावरचा आकडा वाचला, बाजूवरचा आयएसआयचा शिक्का बघितला, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली, हवा दाराच्या कडेच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना. नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवायचं. ते त्याने चालवले. त्यातले पहिले पंचवीस किलोमीटर मी शेजारी होतो. भोमला पाऊस होता. गाडी सरळ गेली.

जुने चार टायर दुकानदाराने मागितले. दिसायला नवे, सहा मिलिमीटर खाच, कोणीतरी सेकंडहँड म्हणून हौसेने घेतलं असतं. मी भाच्याला म्हटलं, कापून दे. रन-फ्लॅटची बाजू सुरीला दाद देईना, शेवटी करवत आणावी लागली. तीन कापले. चौथा बहिणीने अबोलीसाठी मागून घेतला.