पसरणीचा घाट आणि मंद गतीची परीक्षा

वाई क्षेत्रास येणाऱ्या प्रवाशांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. काही जण कृष्णेचे घाट पाहावयास व सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या दर्शनास येतात. काही जण केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे स्थान पाहावयास येतात. तिसरा वर्ग मात्र पसरणीच्या घाटात वाहन अडले म्हणून नाइलाजाने माघारी फिरून येतो. गेल्या मार्गशीर्षात आम्ही या तिसऱ्या वर्गात मोडलो, आणि त्यायोगे जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटते.

वाहन म्हणजे आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंनी मागे ठेवलेली ‘राजदूत ३५०’ ही मोटरसायकल. जपानच्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून काही वर्षे ही गाडी आपल्या देशात काढली. तिचे इंजिन ३४७ घनसेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक, सिलिंडर दोन आणि प्रत्येकास स्वतंत्र कार्ब्युरेटर, गिअर सहा. पुतण्याने ही गाडी शहरातील एका गॅरेजात ‘सुधारून’ घेतली होती. हवेची मूळ बंदिस्त पेटी काढून तेथे दोन उघडे, शंकूच्या आकाराचे फिल्टर बसविले होते आणि दोन्ही कार्ब्युरेटरांत मोठे मेन जेट घातले होते. तेव्हापासून हमरस्त्यावर गाडी वाऱ्याशी स्पर्धा करी, परंतु गल्लीबोळात आणि चढावर गुदमरल्यासारखी होई.

भावजयीने अखेर निर्वाणीचे सांगितले, “पोलादपुरास मुलीकडे जाऊन ही गाडी विनातक्रार परत आली तर राहील, नाहीतर विकून टाकायची. वस्तू त्यांची आहे हे खरे, पण मला मुलगा हवा आहे. भावोजी, तुम्ही मागे बसा.” या आज्ञेस प्रत्युत्तर नव्हते. आम्ही शिरस्त्राण चढवून मागे बसलो.

वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. अवघ्या दहा-बारा किलोमीटरांत हा सहाशे मीटरांचा चढ पसरणीचा घाट चढतो. वळणे आखूड आणि वाहनांची वर्दळ अखंड. आमच्यापुढे एक भरलेली एस. टी. चालली होती. तिच्या मागे मूठ किंचित पिळून जाण्याखेरीज गत्यंतर नव्हते, आणि नेमकी तीच चाल आमच्या गाडीस मानवेना. मूठ थोडी उघडली की इंजिन दबे, दोन-चार फटके चुकवी आणि मग एकाएकी उसळे. एका उभ्या वळणावर ते बंदच पडले. गाडी हातभर मागे सरकली; पाठीमागच्या ट्रकचालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणूनच हा लेख लिहिला जात आहे.

उताराच्या बळावर परत वाईस आलो. तेथे एका वयस्क मिस्त्रीने गाडी पाहिली. पुतण्याचे मत असे, की ताकद कमी पडते, सबब आणखी मोठा मेन जेट घालावा. मिस्त्री हसून म्हणाले, “दादा, घाटात बसच्या मागे तुम्ही मूठ किती पिळता? जरा करून दाखवा.” मूठ अष्टमांशही फिरली नाही. तेव्हा ते आम्हांस म्हणाले, “गुरुजी, वाड्याचा मोठा दरवाजा कितीही रुंद केला, तरी ज्याला दिंडीतून वाकून जायचे त्याला काय उपयोग?”

दृष्टान्त मार्मिक होता. कार्ब्युरेटरात पेट्रोल जाण्याच्या वाटा मुठीच्या उघडीप्रमाणे बदलतात. आरंभीच्या अष्टमांशापर्यंत मुख्यतः स्लो जेट व एअर स्क्रू यांचा अंमल असतो. पुढे वर सरकणाऱ्या स्लाइडच्या तळाशी जो तिरपा काप असतो त्याचा प्रभाव पडतो. पाव ते पाऊण उघडीत निडल पेट्रोलाचे माप ठरविते, आणि त्यापुढे मेन जेटचे राज्य सुरू होते. पेटी काढल्याने हवा अडथळ्यावाचून आत येऊ लागली; त्या मानाने पेट्रोल मात्र ओढले जाईना. सुधारणा करणाऱ्याने ही तूट मेन जेटपुरती भरून काढली. दिंडी होती तशीच राहिली.

तथापि मिस्त्रींनी केवळ अनुमानावर विसंबून काही बदलले नाही. तर्कशास्त्रात ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तीच रीत त्यांनी अवलंबिली. इंजिन तापलेले असता त्यांनी चोकचा खटका थोडा उचलला. चोकने जास्तीचे पेट्रोल मिळताच इंजिन स्वच्छ बोलू लागले. खटका खाली करताच पुन्हा दबले. प्लग काढले तर दोन्ही पांढुरके निघाले. यावरून पेट्रोलाची तूट सिद्ध झाली. याउलट चोकने इंजिन अधिकच गुदमरते आणि प्लग काजळलेले निघते, तर पेट्रोल जास्त होत आहे असे ठरले असते. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड फाटला तरी चोरवाटेने हवा शिरून हीच लक्षणे दिसतात. म्हणून ते जोडही तपासले. ते शाबूत होते. मग दोन्ही स्लाइडांस बोट लावून मूठ फिरविली, तेव्हा डावी स्लाइड उजवीच्या मागाहून उचलते असे आढळले. एका जोखडास जुंपलेले दोन बैल निरनिराळ्या वेळी पाऊल उचलतात, तशातला हा प्रकार.

उपाय क्रमाने झाला. दोन्हीकडे स्लो जेट एक क्रमांक मोठा घातला. निडलची क्लिप एक खाच खाली लावली; त्यामुळे निडल वर उचलली जाऊन मधल्या उघडीत पेट्रोल वाढले. मग एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून हळूहळू सोडला, आणि दीड फेऱ्यावर इंजिन स्थिर झाले तेथे ठेवला. या गाडीत तो स्क्रू हवेचे नियमन करतो; आत फिरविल्यास मिश्रण दाट व बाहेर फिरविल्यास विरळ होते. काही अन्य कार्ब्युरेटरांत याच्या उलट असते, हे ध्यानात ठेवावे. शेवटी दोन्ही तारा जुळवून स्लाइड एकसमयी उचलतील असे केले, आणि मुठीच्याच तारेने चालणाऱ्या तेलपंपाची खूणही पुन्हा मिळवून घेतली. ही खूण चुकल्यास टू-स्ट्रोक इंजिनास तेल कमी पडून ते जाम होते.

निघताना मिस्त्रींनी बजावले, “वर बरी चालली म्हणून फसू नका. खरी परीक्षा पोलादपुराहून परत चढताना.” महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. तेथील हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे अष्टमांशाने विरळ. त्यामुळे तेच जेट उंचावर मिश्रण दाट करतात आणि खाली उतरावे तसे ते विरळ होत जाते. पेट्रोलाची तूट असलेली गाडी डोंगरावर बरी वाटून कोकणात पुन्हा दुखणे काढते, ते यामुळेच.

त्या दिवशी पसरणीचा घाट गाडीने एकदाही न अडता ओलांडला. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाईकडे जाते आणि सावित्री कोकणात उतरते. आम्ही एकीच्या साथीने चढलो व दुसरीच्या साथीने उतरलो. प्रतापगडाच्या फाट्यावरून आंबेनळीचा घाट दाट झाडीतून खाली जातो. महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तोच घाट चढताना प्रत्येक वळणावर आमचे लक्ष देखाव्यापेक्षा इंजिनाच्या आवाजाकडे होते. दुसऱ्या गिअरात, मूठ जेमतेम उघडी असता, ते संथ व एकसुरी चालले. वर येऊन प्लग पाहिले, तो दोन्हींस चहासारखा तांबूस रंग चढला होता.

यंत्राची थोरवी आपण त्याच्या परम वेगावरून ठरवितो. परंतु डोंगराळ मुलखात माणसाचा जीव त्याच्या मंद गतीवर अवलंबून असतो. घरातील जुन्या गाडीस कोणी सुधारू म्हणेल, तर ती एका बोटाच्या दाबाने कशी चालते हे त्याने आधी दाखवावे. भावजयीने गाडी ठेवण्यास संमती दिली आहे. अट एवढीच, की हवेची मूळ पेटी शोधून पुन्हा बसवावी. पुतण्या दर रविवारी जुन्या बाजारात तिच्या शोधात असतो.