‘जागा नाही’ या शेऱ्याचा पुरावा

भिलाईला माझी बदली झाली, त्यानंतरच्या वर्षातील ही गोष्ट. सुपेल्यात जी. ई. रोडपासून जवळच एका खाजगी न्यासाचे मुलींचे वसतिगृह होते. त्याच्या प्रवेश समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मला बोलावण्यात आले. समितीत सरकारी अधिकारी असली की निवड निःपक्षपाती दिसते, हा त्यामागचा हेतू असावा. मलाही त्यात मान वाटला, हे नाकारत नाही.

अर्ज वाचताना एका मराठी आडनावाशी सचिव थबकले. छत्तीसगडमधील मंडळींना आपली आडनावे सहसा उलगडत नाहीत. त्यांनी सहज विचारले, ‘‘मॅडम, ये तो आप ही की तरफ के हैं न?’’ मीही तितक्याच सहजपणे सांगितले की, नागपूरकडचे दिसतात, बौद्ध असावेत. त्यावर कोणी काही बोलले नाही. अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात गेला आणि पुढे त्यावर शेरा पडला, ‘जागा नाही’. त्या यादीखाली माझीही सही आहे.

पंधरा दिवसांनी मुलीचे वडील माझ्या कार्यालयात आले. दल्ली-राजहराच्या लोहखाणीत ते नोकरीला होते. मुलीला शिक्षणासाठी भिलाईत ठेवणे भाग होते. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्यानंतर अर्ज केलेल्या मुलीला जागा मिळाली. आम्हाला का नाही, एवढेच सांगा.’’ मी प्रशासकीय उत्तर दिले : भेदभाव झाला असे तुमचे म्हणणे असेल तर पुरावा द्यावा लागेल. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘पुरावा तर तुमच्या रजिस्टरात आहे. तो मी कुठून आणू?’’

मी रजिस्टर मागवून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. सचिवांना विचारले तेव्हा कळले की, नंतर आलेल्या मुलीचे स्थानिक पालक ओळखीचे होते. हे कारण खोटे नव्हते. माझ्या वाक्यामुळेच अर्ज बाजूला गेला, असे मी शपथेवर सांगू शकले नसते. गेला नाही, असेही नाही. प्रत्यक्ष साक्षीदार मीच, आणि तरीही पुरावा नाही! भेदभावाचा पेच नेमका हा आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला येथे एक गोष्ट सुचते. एका नकारामागील हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. अनेक नकारांचा आकृतिबंध मात्र मोजता येतो. समजा, चाळीस अर्ज आहेत, त्यांपैकी दहा एका विशिष्ट समाजाचे आणि जागा वीस. निवड चिठ्ठ्या टाकून केली तर त्या दहांपैकी एकालाही जागा न मिळण्याची शक्यता सुमारे साडेचार हजारांत एक इतकी अल्प असते. अर्थात निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही. गुण, अंतर, उत्पन्न यांत फरक असू शकतो. म्हणून आकडा गुन्हा सिद्ध करीत नाही. तो स्पष्टीकरण मागण्याचा अधिकार देतो.

इतर सर्व गोष्टी समान ठेवून केवळ नाव बदलले तर? अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी हेच केले. इंग्रजी वृत्तपत्रांतील जाहिरातींना प्रतिसाद म्हणून ५४८ खाजगी नोकऱ्यांसाठी एकूण ४८०८ अर्ज पाठवले गेले. समान पात्रतेच्या अर्जांत फरक केवळ नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्चवर्णीय हिंदू नावाचा दर एक धरला तर पुढील फेरीस बोलावणे येण्याचे सापेक्ष प्रमाण दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले. नाकारणाऱ्या कोणीही ‘जात पाहिली’ असे लिहून दिले नव्हते.

वसतिगृहांपुरते बोलायचे तर अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. तेथे सोरोरिटी नावाची विद्यार्थिनींची मंडळे असतात. निवासही बहुधा मंडळाच्या घरात आणि प्रवेश सदस्यांच्या पसंतीने. नियमांत वर्णाचा उल्लेख नव्हता, तरी मंडळे वर्णानुसार विभागलेलीच राहिली. २०१३ साली काही सदस्य मुलींनीच विद्यार्थी वृत्तपत्राला सांगितले की, गुणवान कृष्णवर्णीय उमेदवार माजी सदस्यांच्या दबावामुळे नाकारली गेली. त्यानंतर विद्यापीठाला प्रवेश पुन्हा खुले करावे लागले. वर्षानुवर्षे आकडे समोर होते. कोंडी फुटली ती आतल्या व्यक्तींनी तोंड उघडल्यावर.

कायदाही हळूहळू येथवर आला आहे. हेतू दाखवता आला नाही तरी परिणाम पाहावा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज खटल्यात मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या नितीशा प्रकरणात अप्रत्यक्ष भेदभावाची संकल्पना स्वीकारली. मात्र खाजगी संस्थांचे क्षेत्र अजून बरेच मोकळे आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा ‘केवळ पारशी सदस्य’ हा उपविधी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता.

माझ्या मते कायद्याची वाट न पाहता कोणत्याही समितीला तीन गोष्टी करता येतील. एक, निकष आणि त्यांचे गुण अर्ज उघडण्यापूर्वी लिहून ठेवावेत. दोन, पहिल्या छाननीत आडनाव झाकावे. तीन, तोंडी परत पाठवलेल्यांसह प्रत्येक अर्जदाराची तारीखवार नोंद ठेवून नकाराचे खरे कारण लिहावे. हे झाले की पुरावा देण्याचा भार आपोआप जागी येतो : ज्याच्या हाती रजिस्टर, उत्तर त्याने द्यावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांसाठी आणखी एक सांगणे आहे. येथे आपल्या आडनावांचा अर्थ लावून देणारे अनेकदा आपणच असतो. ‘कोणत्या गावचे, कुलदैवत कोणते’ हे प्रश्न आत्मीयतेचे वाटतात. पण त्यांची उत्तरे आपण कोणाच्या टेबलावर ठेवतो, याचा विचार करावा.

त्या वेळी मी सचिवांशी तोंडी बोलले, ते ‘पुढील वर्षी बघू’ म्हणाले, आणि मी लेखी काही दिले नाही. पुढील वर्षी माझी बदली झाली. जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे प्रशासनात आम्ही मानतो. म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, माझे ते एक वाक्य आणि ती सही येथे नोंदवून ठेवीत आहे.