तारांखालची वाडी आणि पेशीतली प्रथिने

लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली : हायटेन्शन लाइन आणि मोबाइल टॉवर यांच्यापासून धोका आहे की नाही, ते सरळ सांगा. बोईसरजवळच्या एका बागायतदारांनीही उन्हाळ्यात हेच मागितले होते. त्यांच्या चिकूच्या वाडीवरून ४०० केव्हीची लाइन जाते. ‘‘सर, पेशींवर ताण येतो असं छापून आलंय. तेवढं लेखी द्या.’’ मी दिले नाही. तारांची बाजू घेणाऱ्या माणसाला ‘काहीही होत नाही’ असे लिहून हवे होते. तेही दिले नाही. दोघेही नाराज होऊन गेले, आणि ते मला अजून सलते आहे.

छापून आले होते ते ताण-प्रथिनांबद्दल. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा यांना दिसले, की फळमाशीच्या अळ्यांना जास्त उष्णता मिळाली की त्यांच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे येतात. तिथली जनुके कामाला लागलेली असतात. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने पुढे ‘हीट शॉक प्रोटीन्स’, म्हणजे एचएसपी, म्हणून ओळखली गेली; हीच ताण-प्रथिने. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते, कारण प्रथिनांची घडी मोडते. पेशीत तशी घडी मोडू लागली की त्यांतले एचएसपी ७० धावून येते, सुटलेले धागे धरून ठेवते आणि पुन्हा घडी बसायला मदत करते. त्याआधी एचएसएफ १ नावाच्या प्रथिनाचे तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवर बसतात, तेव्हा त्याचे जनुक चालू होते.

एचएसपी ७० वाढले म्हणजे पेशी सावध झाली, एवढेच कळते. कशाने, ते कळत नाही. उष्णता, कॅडमियम, आर्सेनिक, प्राणवायूचा तुटवडा, कशानेही ते वाढते. वाढले म्हणजे आजार झाला असेही नाही. पुष्कळदा तेच पेशीला वाचवते.

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९पासून असल्यामुळे ‘रेडिएशन’ म्हटले की सगळे एकाच पोत्यात जाते. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ९०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाइल लहरीच्या एका कणात त्याच्या साधारण सत्तावीस लाखाव्या हिश्शाएवढी ऊर्जा असते. तारांचे ५० हर्ट्‌झ तर त्याहून कितीतरी खाली. टॉवरने डीएनए तुटतो असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यामुळे खरा प्रश्न मागे पडतो.

खरा प्रश्न असा, की पेशी न तापवता ही क्षेत्रे ताण-प्रथिने वाढवतात का? २००० साली नॉटिंगहॅमच्या डेव्हिड डी पोमेराय आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये ‘हो’ म्हटले. त्यांनी सूत्रकृमींना रात्रभर ७५० मेगाहर्ट्‌झच्या मंद लहरींत ठेवले होते. जगभर गाजावाजा झाला. मग त्याच गटाने उपकरण सुधारून पुन्हा मोजले, तेव्हा लहरींतले कृमी सुमारे ०.२ अंशाने जास्त गरम होत असल्याचे दिसले. ताण-प्रथिनांच्या उंबरठ्यावर एवढेही पुरते. २००६मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच तपासून मागे घेणे याला मी विज्ञानातली मोठी गोष्ट मानतो. मात्र वाडीच्या मालकांकडच्या कात्रणात २००० होते, २००६ नव्हते.

म्हणून प्रयोगशाळेत पेशींवर अशी क्षेत्रे सोडताना आम्ही कॉइल दुहेरी गुंडाळतो. दोन तारा शेजारी शेजारी. दोन्हींत एकाच दिशेने प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र मिळते, उलट दिशांनी सोडला की क्षेत्र जवळजवळ शून्य, पण तारा तेवढ्याच तापतात. कोणत्या बशीला काय मिळाले, हे मोजणाऱ्याला सांगायचे नाही. इनक्युबेटरच्या पंख्याचे आणि हीटरचेही क्षेत्र असते, आणि ते वरच्या-खालच्या फळीवर वेगळे असते. हे न मोजता लिहिलेले कितीतरी निबंध माझ्या नजरेखालून गेले आहेत.

तरीही मी ‘काहीही होत नाही’ लिहीत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या रीबा गुडमन आणि मार्टिन ब्लँक यांनी काही मायक्रोटेस्लांच्या क्षेत्रातही एचएसपी ७० वाढल्याचे अनेक वर्षे मांडले. काहींना तसे आढळले, काहींना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२मध्ये तारांच्या चुंबकीय क्षेत्रांना आणि २०११मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले, ते माणसांच्या पाहण्यांवरून, ताण-प्रथिनांवरून नव्हे.

त्या वाडीत जे हाताला लागले ते वेगळेच. लाइनखालच्या तारेच्या कुंपणाला हात लावला की चटका बसायचा, आणि संध्याकाळी उभी धरलेली ट्यूबलाइट मंद उजळायची. हे विद्युत क्षेत्राचे काम. कुंपण ठिकठिकाणी नीट अर्थिंग केले की चटका थांबतो. मी लेखी दिले ते एवढेच.

विजेच्या क्षेत्रांपेक्षा माझी तळमळ इथल्या किनाऱ्यासाठी आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेने हरित लवादात दाद मागितली. धातूंनी एचएसपी ७० वाढते याबद्दल प्रयोगशाळांत वाद नाही. नवापूर, मुरबे आणि केळवे इथली कालवे घेऊन ते मोजावे, असे मला फार दिवस वाटते. कालवे एकाच ओहोटीला, पाण्याखालच्या खडकावरून काढायला हवीत. उन्हात उघडी पडलेली चालणार नाहीत, ती नुसत्या तापण्यानेच जास्त आकडा देतील.