झेंडी पडायच्या आधी

फॉर्म्युला वन बघणारे दोन जण चहाच्या टपरीवर भेटले की गाड्यांचा विषय फार तर पाच मिनिटं टिकतो. मग सुरू होतं ते राजकारण. कोणत्या टीमने कुणाला पुढे जाऊ दिलं, नियम कुणाच्या सोयीसाठी बदलला, पंच कुणाचा... आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तर यापायी सोमवारची सकाळची मीटिंग दोनदा उशिरा सुरू झालीय. मॅनेजर फेरारीवाला आहे. त्याला दुःखाची सवय आहे, म्हणून तो काही बोलत नाही :)

२०२५ चा हंगाम संपला तेव्हाचंच घ्या. नॉरिस ४२३ गुण, वर्स्टापेन ४२१. फरक फक्त दोनाचा! मी लगेच एक्सेल उघडलं (सवय, दुसरं काय). ७ सप्टेंबरला मोन्झाच्या शर्यतीत नॉरिसचा पिट स्टॉप लांबला आणि त्याच्याच टीमचा पियास्त्री त्याच्या पुढे निघाला. मॅक्लारेनने रेडिओवरून पियास्त्रीला सांगितलं, जागा परत दे. त्याने कुरकुरत दिली. नॉरिस दुसरा आला, १८ गुण. पियास्त्री तिसरा, १५ गुण. आता ही अदलाबदल झाली नसती आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं असतं, तर नॉरिसचे होतात ४२०. म्हणजे विश्वविजेता वर्स्टापेन. एका रेडिओ मेसेजवर अख्खं वर्ष फिरलं! यावर आमच्याकडे एवढा वाद झाला की शेवटी कॅन्टीनवाल्याने दिवे घालवले.

माझं मत विचाराल तर मला त्या अदलाबदलीत फार काही वावगं वाटत नाही. आपल्या दोन गाड्यांमधला हिशेब कसा करायचा हे टीमने आधी ठरवलेलं होतं, दोन्ही ड्रायव्हरांना ते माहीत होतं. मूर्खपणाचं असेल, पण आधीपासून माहीत होतं. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि ते कळायला मला फॉर्म्युला वनपेक्षा शंकरपटाचा जास्त उपयोग झाला.

मी मूळचा घनसावंगीचा. जालना जिल्हा, ऊस, कापूस, मोसंबी, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची बोंब. आमच्याकडे शर्यत म्हणजे शंकरपट. पुण्याकडचे लोक बैलगाडा म्हणतात, त्यांचा घाट वेगळा, रीत वेगळी. आमच्याकडे सरळ पट्टी, हलकी गाडी, बैलांची जोडी आणि वर धुरकरी. झेंडी पडली की काही सेकंदांत खेळ खल्लास. पण त्या काही सेकंदांवर पुढे चार-चार दिवस पारावर भांडण चालतं. घड्याळवाल्याचा अंगठा आधी दाबला गेला, झेंडी पडायच्या आधीच जोडी सुटली, शेजारची जोडी आडवी आली, धुरकऱ्याच्या मुठीत काहीतरी होतं. मोन्झाचा वाद ऐकताना म्हणूनच मला कधी परकं वाटलं नाही. फक्त डॉलरांचे आकडे मोठे.

हे सगळं मला शिकवलं आबांनी. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या गोठ्यात पटाची जोडी नाही असं वर्ष मी लहानपणी पाहिलं नाही. मी दहा वर्षांचा असताना, २००८ साली, ब्राझीलच्या शेवटच्या वळणावर हॅमिल्टनने विजेतेपद खेचलं आणि मी त्याचा झालो. (हो, मी हॅमिल्टनवाला. आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढचं वाचताना तेवढं वजा करा.) तेव्हापासून आबा अधूनमधून माझ्याबरोबर रेस बघत बसायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पंच कोण हाय?"

१२ डिसेंबर २०२१ ला मी गावीच होतो. कोरोनामुळे घरून काम चालू होतं, आणि घरून म्हणजे आमच्या ओसरीतून. अबू धाबीची शेवटची रेस, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. हॅमिल्टन आणि वर्स्टापेन दोघांचेही ३६९.५ गुण. हा अर्धा कुठून आला, तर त्याच वर्षी बेल्जियमला पावसात सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या मागे मिरवून आणल्या आणि त्याला रेस म्हणून अर्धे गुण वाटले. ते प्रकरण वेगळं, असो.

जे तेव्हा बघत नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. ५८ फेऱ्यांपैकी ५३ व्या फेरीत लतीफीची गाडी भिंतीवर आदळली. सेफ्टी कार आली, सगळे हळू झाले. पुढे असलेल्या हॅमिल्टनचे टायर १४ व्या फेरीपासूनचे, जुने. वर्स्टापेनने संधी साधून नवे घातले. दोघांच्या मधे, एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या. अशा मागे पडलेल्या एकूण आठ. नियम असा होता की मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं ठरलं तर त्या पुढे गेल्यावर सेफ्टी कार त्याच्या पुढच्या फेरीच्या शेवटी आत येणार. तसं केलं असतं तर रेस सेफ्टी कारच्या मागेच संपली असती आणि हॅमिल्टन आठव्यांदा जिंकला असता. रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी आठपैकी फक्त मधल्या पाच गाड्या काढल्या, सेफ्टी कार त्याच फेरीत आत घेतली आणि एक फेरी मोकळी सोडली. नवे टायर विरुद्ध जुने टायर. पुढे काय झालं ते सांगायला नको.

मी ओरडत होतो. आबा शांत. त्यांनी एवढंच विचारलं, "मधली पाच काढली, मागची तीन ठेवली. ते का रं?"

रेड बुलचं म्हणणं काय होतं माहितीय? नियमात 'एनी' गाड्या असं लिहिलंय, 'ऑल' गाड्या असं नाही. म्हणजे कोणत्याही काही गाड्या चालतात. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. क्लायंटच्या डॉक्युमेंटमधल्या असल्या एका शब्दावर आम्ही आठवडे घालवलेत. पंचांनी तर आणखी सोपा रस्ता काढला, सेफ्टी कार कधी बोलवायची नि कधी आत घ्यायची याचा शेवटचा अधिकार रेस डायरेक्टरचाच. मर्सिडीजने अपील करणार म्हणून सांगितलं. मग १६ डिसेंबरला ते मागे घेतलं.

आणि बघा योगायोग. त्याच १६ डिसेंबर २०२१ ला, गुरुवारी, सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रात बैलगाडी शर्यतींना अटींवर परवानगी दिली. सकाळपासून गावात फटाके. मी एकीकडे मर्सिडीजची बातमी शोधतोय आणि बाहेर रस्त्यावर गुलाल!

आबा मात्र गोठ्यात बसून होते.

त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. २०११ च्या जुलैमध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचं नाव खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेलं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यत दोन्ही बंद केली. मग ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने नवी अधिसूचना काढून सूट दिली. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ, चारा सोन्याच्या भावाने, जनावर मातीमोल. आबांनी बातमी ऐकली आणि दोन खोंडांचा इसार देऊन टाकला. सगळ्या घराने वेड्यात काढलं. १२ जानेवारीला कोर्टाची स्थगिती आली. पाच दिवस! २०१७ ला राज्याने स्वतःचा कायदा केला, पण तोही कोर्टात अडकला. तोवर खोंडं ऐन भरात आलेली. पळणाऱ्या बैलाचा खरा काळ चार-पाच वर्षांचा. तो सगळा त्यांनी वखर ओढण्यात आणि ऊस वाहण्यात काढला. २०२१ ला पट पुन्हा सुरू झाला तेव्हा जोडी उतरणीला लागलेली होती.

मला वाटलं आबा कोर्टावर चिडतील, सरकारवर चिडतील. नाही. म्हणाले, "कोर्टाला काय दिसलं ते खोटं थोडंच होतं? मी पायलंय. शेपट्या पिरगाळायचे, पराणी टोचायचे, मुठीत बॅटरी धरून शॉक द्यायचे. तवा आपण सगळे दोराला उभे होतो. कोण बोललं? ज्यानं बॅटरी लावली त्यानं माझा पट बंद पाडला."

यावर मी काही बोललो नाही. पण नंतर खूप वेळा हे डोक्यात आलं. कारण फॉर्म्युला वनमध्ये नेमकं हेच झालेलं आहे. २००२ साली ऑस्ट्रियाला फेरारीने बॅरिकेलोला शेवटच्या क्षणी शूमाकरसाठी जागा सोडायला लावली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि पुढच्या हंगामापासून रेसचा निकाल फिरवणारे टीमचे आदेश बंद. छान नियम! पण तो तपासणार कोण? रेडिओवर सरळ "सोड" म्हणायच्या ऐवजी लोक आडून बोलायला लागले. २०१० ला जर्मनीत मासाला सांगितलं गेलं की अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे. बस, एवढंच. पोराने निमूट जागा दिली. टीमला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि २०११ पासून तो नियमच काढून टाकला. माझ्या मते बरं केलं. तपासता न येणारा नियम फक्त प्रामाणिक माणसाला बांधून ठेवतो, आणि बॅटरीवाला मोकळा.

(जाता जाता: आपल्या नारायण कार्तिकेयनला भारताचे पहिले फॉर्म्युला वन गुण मिळाले ते १९ जून २००५ ला इंडियानापोलिसला. मिशेलिन टायर तिथल्या वळणावर टिकेनात, त्या वर्षी रेसमध्ये टायर बदलायची बंदी, तडजोड काही होईना, आणि १४ गाड्या रेस सुरू व्हायच्या आधीच परत गेल्या. उरलेल्या सहांत आपला चौथा. पाच गुण. हे मी ऑफिसात सांगितलं की लोक हसतात. हसू देत, आधी सांगितलेला नियम पाळून पळाला गडी.)

अबू धाबीनंतर काय झालं? मासी यांना पदावरून काढलं. मार्च २०२२ मध्ये एफआयएचा अहवाल आला: मानवी चूक, हेतू चांगला, निकाल कायम. नियमात 'एनी'चं 'ऑल' झालं. आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला मोन्झाला रिकार्डोची गाडी शेवटाकडे बंद पडली, सेफ्टी कार आली आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रेस तिच्या मागेच संपली. एकही फेरी मोकळी मिळाली नाही. स्टँडमधून शिट्ट्या, शिव्या, बू! ज्यांनी नऊ महिने नियम पाळा म्हणून घसा फोडला होता त्यातलेही बरेच त्या दिवशी कंटाळलो म्हणून लिहीत होते. मला मात्र ती रेस आवडली. म्हणजे बघायला नाही, बघायला भिकारच होती. पण शेवटच्या फेऱ्यांत कुणाच्याही डोक्यात "टीव्हीवर काय बरं दिसेल" हा विचार आला नाही, हे बरं वाटलं.

आमच्या पटालाही आता नियम आहेत. पट्टी १००० मीटरच्या वर नाही, आधी परवानगी, ५०,००० रुपयांची अनामत, काठी, चाबूक, शॉक बंद. बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही कायम केला. कागद चोख आहे. पण पंच आणि आयोजक एकाच भावकीतले असले की कागद कुठे जातो ते खेड्यात राहिलेल्याला सांगायची गरज नाही. आणि बैलाला यातलं कुणीच काही विचारलेलं नाही, हा मुद्दा माझी बायको दर वेळी काढते. त्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मी विषय बदलतो.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या. तळाची फळी कमीत कमी ९ मिलिमीटर हवी, ती किंचित जास्त झिजली होती. नॉरिसचा दुसरा नंबर, पियास्त्रीचा चौथा, दोन्ही साफ. मी फोनवर आबांना सांगितलं. जाम खूश!

"मापलं?"

"मापलं, आबा."

"सगळ्यांच्या म्होरं?"

"टीमची माणसं उभी होती, त्यांच्यासमोर पुन्हा मापलं."

"मंग झालं तर. बोंबलायचं काय काम."

त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या पटालाही असं काहीतरी हवं. मोठ्या पटांना आता सेन्सरचं घड्याळ असतं, आमच्याकडे अजून अंगठा. म्हणून गेले काही शनिवार-रविवार मी त्यावर बसलोय. दोन टोकांना लेझर, मधे वायरलेस, एक छोटा बोर्ड, एकूण खर्च एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. गेल्या खेपेला शेतात आबांनी सायकलवर पोरं पळवून चाचणी घेतली. एका हातात जुनं स्टॉपवॉच, समोर माझा आकडा. दोन्हींत दर वेळी फरक, कधी दोन दशांश, कधी तीन. पटात एवढ्यावर नंबर फिरतात. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आकडा पंचाच्या हातात देऊ नको, खांबावर लाव, पंचाच्या आधी लोकांना दिसू दे.

तर आता मोठा डिस्प्ले मागवलाय. घरात झकास दिसतो. दुपारच्या उन्हात मात्र त्यातलं आठ आणि तीन सारखंच दिसतं. काळी काच लावून बघणार आहे. कुणाला याहून स्वस्त काही माहीत असेल तर जरूर कळवा.